सोलोच्या वेळी क्लीन बूस्ट दाबूनही आवाज का वाढत नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंगल कॉइल पिकअपची, स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार, आवाज मुद्दाम फाटका करणारे एक ओव्हरड्राइव्ह पेडल आणि १५ वॉटचा ट्यूब (निर्वात नळीवर चालणारा) अ‍ॅम्प अशी जुळणी आहे. सोलो वर यावा म्हणून नुकताच एक क्लीन बूस्ट घेतला आहे. घरी हळू आवाजात तो दाबला की आवाज झटकन वाढतो; ड्रम्स, बेस आणि कीबोर्डच्या सोबत वाजवताना मात्र आवाज जाड आणि फाटका होतो, पण सोलो काही वर येत नाही. पेडल सदोष आहे का, ते कुठे जोडावे, आणि महाग बूस्ट घेतल्यास फरक पडेल का, असे तीन उपप्रश्न आहेत.

पेडल सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. क्लीन बूस्ट एकच काम करतो: आत आलेल्या सिग्नलचे व्होल्टेज ठरावीक पटीने वाढवून पुढे देतो, आणि तसे करताना सिग्नलच्या आकारात शक्य तितका कमी बदल होऊ देतो. ६ डेसिबलची वाढ म्हणजे व्होल्टेज दुप्पट, १२ डेसिबल म्हणजे चौपट आणि २० डेसिबल म्हणजे दहापट. एमएक्सआरचा मायक्रो अ‍ॅम्प हा बूस्ट तर २६ डेसिबलपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीसपट वाढ देतो. बूस्टच्या पुढे ओव्हरड्राइव्ह, अ‍ॅम्पची पहिली ट्यूब, पॉवर ट्यूब आणि स्पीकर अशा ज्या ज्या पायऱ्या आहेत, त्या प्रत्येकीत हा वाढलेला सिग्नल सामावण्याइतकी जागा, म्हणजे हेडरूम, शिल्लक आहे की नाही यावर पुढचे सगळे ठरते. जागा असेल तर आवाज मोठा होतो आणि नसेल तर तो फाटतो. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले म्हणून हंड्यातले पाणी वाढत नाही. आपल्या अ‍ॅम्पचे बँडसोबत नेमके तेच होत आहे. बूस्टमधून बाहेर पडणारा सिग्नल क्लीन असतो, पण बूस्ट दाबल्यावर शेवटी ऐकू येणारा आवाज क्लीन असेलच असे मुळीच नाही, आणि या पेडलबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

आता आकड्यांकडे पाहू, कारण आकडे पाहिल्याशिवाय या विषयात नुसता अंदाज उरतो. सिंगल कॉइल पिकअपमधून साधारणपणे शे-दोनशे मिलिव्होल्टचा सिग्नल येतो आणि जोरात छेडलेल्या कॉर्डच्या सुरुवातीला तो क्षणभर त्याच्या कितीतरी पट वर जातो. बहुतेक गिटार अ‍ॅम्पमध्ये पहिली ट्यूब १२एएक्स७ असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. नेहमीच्या रचनेत तिच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकावर, सुमारे दीड व्होल्टपर्यंतचा शिखर-सिग्नल नीट सांभाळला जातो. ३०० मिलिव्होल्टच्या सिग्नलला २० डेसिबल बूस्ट दिला तर ३ व्होल्ट होतात, म्हणजे पहिली ट्यूबच मर्यादा ओलांडते. अनेक अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूमची कळ या पहिल्या ट्यूबच्या नंतर असते, त्यामुळे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम कमी केला तरी पहिल्या ट्यूबवरचा भार कमी होत नाही. म्हणून बूस्टची कळ पूर्ण फिरवून अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम उतरवणे आणि बूस्ट थोडाच ठेवून अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम चढवणे, या दोन गोष्टी कानाला अगदी वेगळ्या लागतात.

तरीही आपली खरी अडचण पहिल्या ट्यूबपेक्षा पॉवर ट्यूबपाशी आहे असे मला वाटते. १५ वॉट हा आकडा अ‍ॅम्प फार न फाटता किती शक्ती देऊ शकतो ते सांगतो. व्होल्टेज दुप्पट झाले की शक्ती चौपट लागते, म्हणजे सोलोला ऱ्हिदमपेक्षा, म्हणजे साथीच्या वादनापेक्षा, ६ डेसिबल जास्त हवे असतील तर ऱ्हिदम पावणेचार वॉटच्या आसपासच वाजला पाहिजे. ड्रम्सच्या बरोबरीने ऐकू यावे म्हणून आपण ऱ्हिदमच दहा वॉटवर वाजवत असाल, तर वर जेमतेम पावणेदोन डेसिबल शिल्लक राहतात आणि तेवढा फरक बँडच्या गजरात कोणाच्या लक्षातही येत नाही. घरी तोच अ‍ॅम्प अर्ध्या वॉटवर चाललेला असतो. तिथे वर भरपूर जागा असते, म्हणून बूस्ट प्रभावी वाटतो. दोन्ही ठिकाणी पेडल सारखेच काम करते, फरक फक्त शिल्लक जागेचा आहे.

याच कारणाने १५ वॉटऐवजी ३० वॉटचा अ‍ॅम्प घेतल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण शक्ती दुप्पट झाली तरी मिळतात ३ डेसिबलच, आणि ६ डेसिबल हवे असतील तर ६० वॉट लागतात. त्या मानाने स्पीकर बदलणे पुष्कळ वेळा स्वस्त पडते. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा बसवला, तर ऐकू येणारा फरक अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट केल्याइतका असतो, आणि मग ऱ्हिदम कमी वॉटवर वाजवून सोलोसाठी जागा राखता येते. मात्र स्पीकर बदलताना त्याचा ओहमचा आकडा अ‍ॅम्पशी जुळतो याची खात्री आधी करून घ्यावी. ट्यूब अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत इथे निष्काळजीपणा महागात पडतो.

एक पैसाही खर्च न करता करता येण्याजोगा उपाय असा की, सोलो वाढवण्याचा विचार सोडून ऱ्हिदम कमी करण्याचा विचार करावा. बूस्ट चालू ठेवून अ‍ॅम्प सोलोच्या आवाजाला लावावा, सोलोला जो पोत आणि जी पातळी हवी ती तिथेच मिळवावी, आणि मग ऱ्हिदमसाठी गिटारचा व्हॉल्यूम उतरवावा. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या वादनात ही पद्धत पूर्णत्वाला गेलेली दिसते: वरचे स्वर वाढवणारा ट्रेबल बूस्टर कायम चालू, व्हॉक्स एसी३० हा अ‍ॅम्प कायम चढलेला, आणि क्लीन ते पूर्ण फाटलेल्या आवाजापर्यंतचा सारा प्रवास गिटारवरच्या व्हॉल्यूमने. यात एक अडचण येते: व्हॉल्यूम उतरवला की वरचे स्वर बोथट होतात, कारण पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या कळीखालच्या बदलत्या रोधकाचा, रोध आणि तारेची धारिता मिळून उच्च कंप्रता गाळून टाकतात. तारेची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर सहा मीटरच्या तारेत ६०० पिकोफॅरड होतात. व्हॉल्यूम पॉटवर एक छोटा कपॅसिटर बसवून घेतला तर हा बोथटपणा बराच कमी होतो. गिटार दुरुस्त करणारा कोणीही कारागीर हे काम थोड्या वेळात करून देतो.

ज्यांच्या अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप आहे त्यांच्यासाठी मार्ग सोपा आहे. लूप म्हणजे पेडल जोडण्याची वेगळी जागा; ती प्रीअ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्पच्या पहिल्या भागाच्या) नंतर आणि पॉवर अ‍ॅम्पच्या (स्पीकर चालवणाऱ्या भागाच्या) आधी असते. अ‍ॅम्पचा फाटका आवाज प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होत असेल आणि मास्टर व्हॉल्यूम खाली असेल, तर लूपमधला बूस्ट आवाजाचा पोत न बदलता पातळीच वाढवतो, आणि सोलोसाठी बहुतेकांना नेमके हेच हवे असते. तिथे ४ ते ६ डेसिबल पुरतात. लूपमधला सिग्नल गिटारच्या सिग्नलपेक्षा बराच मोठा असू शकतो, म्हणून ९ व्होल्टवर चालणारा बूस्ट तिथे स्वतःच फाटण्याची शक्यता असते. ९ व्होल्टच्या पुरवठ्यातून आउटपुटला शिखरापासून शिखरापर्यंत फार तर सात-आठ व्होल्ट मिळतात, आणि पेडलमधल्या अनेक ऑप-अ‍ॅम्प चिपमध्ये त्याहूनही कमी. म्हणून लूपमध्ये १८ व्होल्टवर चालू शकणारे पेडल असल्यास उत्तम. पेडलच्या माहितीपत्रकात १८ व्होल्ट चालतात असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो पुरवठा द्यावा. आपल्या वर्गातल्या अनेक अ‍ॅम्पला, उदाहरणार्थ १५ वॉटच्या फेंडर ब्लूज ज्युनिअरला, लूप नसतोच. लूप असूनही बूस्ट नको असेल, तर एका लहान डब्यात एक पॉट आणि एक फूटस्विच बसवून तो लूपमध्ये जोडता येतो. तो दाबला की पातळी ऱ्हिदमला उतरते आणि सोडला की सोलोला पूर्ण मिळते. त्याला वीज लागत नाही आणि त्याच्या स्वतःच्या ट्रान्झिस्टरची खरखर नसते. माझ्या मते ही इतकी साधी गोष्ट फारच थोडे गिटारवादक वापरतात, याचे वाईट वाटते.

आता जोडणीच्या क्रमाकडे येऊ. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर ओव्हरड्राइव्हमधले डायोड आधीच मर्यादेला पोहोचलेले असल्याने पातळी फारशी वाढत नाही. वाढते ते फाटणे, सुराची लांबी आणि दाब. एकेक सूर लांबवण्यासाठी हे उपयोगी आहे, म्हणून ते चूक म्हणता येणार नाही. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावला आणि अ‍ॅम्पमध्ये जागा असली तर मात्र पातळी वाढते. आपल्याला सोलो वर हवा आहे, म्हणून बूस्ट ओव्हरड्राइव्हनंतर आणि डिलेच्या, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलच्या, आधी ठेवावा. फक्त जुन्या धर्तीच्या अ‍ॅनलॉग डिलेची इनपुट क्षमता बेताची असते, तिथे बूस्ट जपून वाढवावा. आवाजातला चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर असेल तर बूस्ट त्याच्या नंतरच हवा, कारण आधी ठेवला तर वाढवलेली पातळी कॉम्प्रेसर पुन्हा खाली दाबतो. फझ फेससारख्या जुन्या रचनेच्या फझच्या (आवाज फार फाडणाऱ्या पेडलच्या) आधी बूस्ट ठेवणे मी टाळतो. त्या फझचा इनपुट रोध फार कमी असतो आणि तो थेट गिटारच्या पिकअपशी व व्हॉल्यूमशी जुळवून घेत काम करतो. मध्ये बूस्ट आला की हा संबंध तुटतो आणि आवाज बोचरा होतो.

सोलो ऐकू येणे हा निव्वळ पातळीचा प्रश्न नाही, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सपाट बूस्ट खालचे स्वरही तेवढ्याच पटीने वाढवतो. गिटारची जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते, आणि त्या भागात बेस व ड्रम आधीच ठाण मांडून असतात. अ‍ॅम्पची शिल्लक जागा सर्वांत आधी खातात तेही हे खालचे स्वरच. परिणामी बूस्ट दाबताच अ‍ॅम्प खालच्या स्वरांनी भरतो, मधले आणि वरचे स्वर त्यात गुदमरतात, आणि आपण वर्णन केला आहे तसा जाडसर आवाज येतो. १९६०च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये आलेल्या डॅलस रेंजमास्टर या ट्रेबल बूस्टरमध्ये ५ नॅनोफॅरडचा एवढासा इनपुट कपॅसिटर खालचे स्वर अडवायचा आणि एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर उरलेला सिग्नल वाढवायचा. व्हॉक्स एसी३० सारख्या, फाटू लागल्यावर खालच्या स्वरांत गुरफटणाऱ्या अ‍ॅम्पला तो नेमका जुळला. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांनी स्ट्रॅटोकास्टर, रेंजमास्टर आणि एसी३० या जुळणीतून जो आवाज काढला तो ऐकला की अ‍ॅम्पमध्ये जाण्याआधी खालचे स्वर छाटण्याचे महत्त्व लगेच कळते. ब्लॅक सॅबथ बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी त्याच पेडलच्या सुधारित नगाने लेनी अ‍ॅम्पमधून अगदी वेगळ्या प्रकारचे, जड संगीत उभे केले. पुढे ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हची ड्राइव्हची कळ शून्यावर आणि लेव्हलची कळ पूर्ण ठेवून त्याचा बूस्टसारखा वापर रूढ झाला, त्यामागचे कारणही हेच: ते पेडल खालचे स्वर कमी करते आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचे मधले स्वर पुढे आणते. त्याला क्लीन बूस्ट म्हणणे चूक ठरेल, पण फाटू लागलेल्या अ‍ॅम्पपुढे अनेकदा तेच अधिक कामी येते.

याच्या उलट टोकाला रोलँडचा जेसी-१२० आहे. १९७५ साली आलेला हा ट्रान्झिस्टरवर चालणारा, दोनदा ६० वॉट देणारा अ‍ॅम्प अनेक सभागृहांत आणि भाड्याच्या सामानात आजही भेटतो. त्याच्यात क्लीन आवाजाला मुबलक जागा आहे, त्यामुळे ओव्हरड्राइव्हनंतर लावलेला ५ डेसिबलचा बूस्ट तिथे ठरल्याप्रमाणे ५ डेसिबलच देतो. आपलेच पेडल एकदा अशा अ‍ॅम्पला जोडून पाहावे, म्हणजे ते सदोष नाही याची खात्री पटेल.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत आणि महाविद्यालयीन कार्यक्रमांत अनेकदा अ‍ॅम्प नसतोच. गिटार मल्टी-इफेक्टमधून थेट मिक्सरला जाते. तिथे बूस्ट साखळीच्या सुरुवातीला लावला तर मल्टी-इफेक्टचे डिजिटल इनपुट फाटण्याचा धोका असतो, आणि ते फाटणे ट्यूबसारखे कानाला गोड लागत नाही. सोलोची वाढ प्रीसेटच्या अगदी शेवटी, अ‍ॅम्प आणि कॅबिनेटच्या ब्लॉकनंतर ठेवावी. साउंडचेकला मिक्सरचा गेन लावला जात असताना बूस्ट चालू ठेवूनच वाजवावे. तो बंद असताना गेन लावला गेला तर सोलोच्या वेळी चॅनेल फाटतो, किंवा चॅनेलवरचा कॉम्प्रेसर आपली सारी वाढ गिळून टाकतो. साउंड इंजिनिअरला सोलो कुठे कुठे आहेत आणि तेव्हा पातळी आपणच वाढवणार आहोत हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर तोही फेडर (पातळीची सरकपट्टी) वर नेतो आणि दुसऱ्या सोलोला खाली आणतो.

बूस्टची कळ नेमकी कुठे ठेवावी, तेही सांगतो. आधी बूस्ट चालू-बंद करत दोन्ही पातळ्या सारख्या ऐकू येतील अशी जागा शोधावी आणि तिथे खूण करावी. अनेक पेडलमध्ये ती कळ अगदी खाली असतानाच येते, तर काहींत सर्वांत खालच्या टोकालाही थोडी वाढ असतेच. त्या खुणेपासून सुरुवात करून बँड वाजत असतानाच पातळी वाढवत न्यावी. मोबाइलवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपचा निरपेक्ष आकडा भरवशाचा नसला तरी फरक मोजायला तो पुरतो. मोबाइल एका जागी ठेवून ऱ्हिदम आणि सोलोमध्ये ४ ते ६ डेसिबलचा फरक येतो का ते पाहावे. कळ पुढे नेऊनही आकडा वाढत नसेल, तर अ‍ॅम्पची जागा संपली आहे. तिथून पुढे कळ फिरवण्यात अर्थ नाही, ऱ्हिदम खाली आणावा. दोन पेडलांची तुलना करतानाही पातळी आधी सारखी करून घ्यावी, कारण एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो आणि त्या भ्रमात पुष्कळ खरेदी होते.

खरखर आणि गुणगुण यांबद्दल एवढेच सांगतो की सिंगल कॉइल पिकअप वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली गुणगुण पकडतो, आणि बूस्ट ती सुरांइतक्याच पटीने वाढवतो. पेडलांना एकमेकांपासून विलग असलेले आउटपुट देणारा पुरवठा वापरावा, एकाच अडॅप्टरवरून फांद्या काढून सगळी पेडले चालवू नयेत, आणि सोलो संपताच बूस्ट बंद करावा.

राहिला महाग पेडलचा प्रश्न. या प्रकारची विद्युत मंडले मुळात लहान असतात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा १९६०च्या दशकाच्या अखेरीचा एलपीबी-१ एकाच ट्रान्झिस्टरचा होता आणि आजही तो अनेकांच्या पायाखाली असतो. त्याचा इनपुट रोध मात्र अ‍ॅम्पच्या नेहमीच्या एक मेगाओहमच्या तुलनेत फार कमी आहे, त्यामुळे गिटार थेट त्याला जोडली तर वरचे स्वर थोडे मऊ होतात. झी.वेक्सच्या सुपर हार्ड-ऑनमध्ये एका मॉसफेटभोवती (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरभोवती) नेमका उलटा विचार आहे. त्याचा इनपुट रोध काही मेगाओहम आहे आणि पिकअपची धार पूर्णपणे पुढे जाते. झोटिकचा ईपी बूस्टर एकोप्लेक्स ईपी-३ या टेप एकोच्या प्रीअ‍ॅम्पवर बेतलेला आहे. तो एको न वापरताही नुसता त्याच्यातून सिग्नल नेला की गिटारला एक भरीवपणा येतो हे अनेक वादकांच्या लक्षात आले होते, आणि तो भरीवपणा हवा असलेल्यांनी हे पेडल कायम चालू ठेवावे. हे फरक खरे आहेत, ऐकू येतात, आणि मला स्वतःला त्यांची ओढ आहे. पण यांतले एकही पेडल आपल्या १५ वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये नसलेली जागा निर्माण करू शकत नाही, म्हणून सध्या नवा क्लीन बूस्ट घेऊ नये असेच मी सुचवीन.

खर्च करायचाच असेल तर बॉसच्या जीई-७ सारखे ग्राफिक इक्वलायझर पेडल घ्यावे आणि ते ओव्हरड्राइव्हनंतर जोडावे. त्याच्यात १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात पट्ट्या आहेत, प्रत्येक १५ डेसिबलने वर किंवा खाली जाते, आणि एकूण पातळीची सरकपट्टी वेगळी आहे. १०० आणि २०० हर्ट्झच्या पट्ट्या ४-५ डेसिबल खाली, ८०० हर्ट्झ आणि १.६ किलोहर्ट्झच्या तेवढ्याच वर, पातळी २ डेसिबल वर, अशी सुरुवात करून बँडसोबत वाजवून पाहावे. कीबोर्डवादक त्याच पट्टीत वाजवत असेल तर ८०० हर्ट्झची पट्टी थोडी उतरवून १.६ किलोहर्ट्झची आणखी वर न्यावी.